मैदानावर मांडव, बिस्किटावर पाच टक्के: मुलांच्या वजनाला जबाबदार कोण?

घोडबंदरी (रविवार, रात्री १०:१४)

शाळेने मुलांच्या डायरीत उंची-वजनाच्या चिठ्ठ्या चिकटवून पाठवल्या आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हापासून नुसता राडा चाललाय. एक गट म्हणतो, आईबाप दोघं कामावर, पोर मोबाईलवर आणि पार्सलवर, मग दुसरं काय होणार? दुसरा गट म्हणतो, सरकारने जंक फूडवर सरळ बंदी घालावी, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही, म्हणून इथे धागा काढतोय. ठाणे-नवी मुंबईकरांनी जरूर लिहा.

आधी थोडे आकडे, म्हणजे ‘हे श्रीमंतांचे चोचले’ हा प्रतिसाद येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत वजन जास्त असणारी २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. म्हणजे एकाच राज्यात दोन्ही टोकं. देशाचं बघायचं तर ५ ते १९ वयोगटातली लठ्ठ मुलं १९९० मध्ये ४ लाखांच्या आसपास होती, २०२२ मध्ये सव्वा कोटी. एका पिढीत माणसाची जनुकं बदलत नाहीत आणि सगळे आईबाप एकदम आळशीही होत नाहीत. काहीतरी दुसरं बदललंय.

आता घोडबंदर रोडवरच्या चौथीतल्या पोराचा दिवस बघा. पावणेसातला व्हॅन. (शासनाने २०२४ मध्ये सांगितलंय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. आमच्याकडे शाळा सव्वासातलाच.) दुपारी पाळणाघर, मग क्लास. आईबाप बीकेसीहून किंवा ऐरोलीहून ट्रॅफिक कापत आठला घरी. साडेनऊला जेवण, अकराला झोप. मध्ये एखादा तास मिळतो, तर पोडियमवर (इमारतीतल्या पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत) ही पाटी: ‘बॉल खेळण्यास, सायकल व स्केटिंगला सक्त मनाई. दंड रु. ५००. हुकमावरून.’ शेजारी ‘किड्स झोन’. त्यात एक घसरगुंडी आणि दोन झोके, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. नऊ वर्षांच्या मुलाने करायचं काय? तो वर घरी येतो आणि स्क्रीन लावतो. मुलांनी रोज किमान एक तास अंग घामाघूम होईल असं खेळावं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोडियमची पाटी सांगते, नाही खेळायचं.

माझं म्हणणं एवढंच. ताटात काय वाढायचं ते आईबापांनी ठरवावं, त्यात सरकारने नाक खुपसू नये. पण ती वस्तू ताटापर्यंत येते त्याआधी तिची किंमत, तिचं वेष्टन, तिची जाहिरात आणि मुलाला धावायला उरलेली जागा, यातलं काहीही कुठल्या आईबापाच्या हातात नसतं. तिथे सरकार आधीपासून बसलेलंच आहे, आणि आज ते उलट्या बाजूने ओढतंय.

---

टिंबटिंब (रविवार, रात्री १०:५१)

आलं, सरकार मायबाप आलं! पाकिटं घरात आणतं कोण? महिन्याच्या सामानाच्या ट्रॉलीत मुलाला बसवायचं, तो हात घालेल ते घ्यायचं, आणि मग म्हणायचं सरकार झोपलंय. ‘नाही’ म्हणायला जीएसटी लागत नाही.

रात्री अकराला झोपणारं पोर ही सरकारची चूक? टीव्ही बंद करा, मोबाईल काढून घ्या. आमच्या वडिलांनी नुसतं बघितलं तरी आम्ही पानातली कारल्याची भाजी संपवायचो.

---

पारसिक (रविवार, रात्री ११:२०)

टिंबटिंब, तुमच्या वडिलांच्या काळात शाळेच्या गेटवर पाच रुपयांची पाकिटं तोरणासारखी लटकत नव्हती.

मी कळव्याकडे पालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडची मुलं ट्रॉलीत बसत नाहीत. बऱ्याच जणांची आई सहाला घरकामाला बाहेर पडते आणि पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून जाते. दहा रुपयांत शाळेसमोर काय येतं? कुरकुरीत नळ्यांचं एक पाकीट आणि रंगीत पेप्सीकोल्याची एक कांडी. केळी दोन आली तर नशीब. पोर पाकीट घेतं, पोट भरल्यासारखं वाटतं, आणि मधल्या सुट्टीतली खिचडी अर्धी टाकून देतं. त्या खिचडीत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धोरण आहे. अर्धी टाकली की काय उरतं ते सांगायला नको. मध्ये आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं मिळायचं, तेव्हा हजेरीसुद्धा चांगली असायची. अंड्याचे जादा पैसे राज्याने २०२५ च्या सुरुवातीला बंद केले.

माझ्या वर्गात जाडी मुलं चार-पाच आहेत. पण काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट, अशी कितीतरी. त्यांचं वजन तक्त्यात ‘सामान्य’ येतं. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

---

बाळगुटी (सोमवार, सकाळी ७:०२)

पारसिकताईंनी नेमकं धरलंय. मी वाशीत बालरोगतज्ज्ञ आहे, ओपीडीला जायच्या आधी लिहितोय, थोडं लांबेल.

हातपाय काडी आणि पोट पुढे, हे आपल्याकडे जन्मापासूनच असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. फरक होता तो स्नायूंत आणि अवयवांत. कातडीखालची चरबी आपल्या बाळांनी जवळजवळ तेवढीच राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबी. अशा बाळाला पुढे पाच-सात वर्षं साखर-मैदा खाऊ घातला आणि खेळायला सोडलं नाही, की मधुमेहाची वाट मोकळी. म्हणून विलायती तक्ते आपल्याला जसेच्या तसे लावत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात, त्यात धोक्याची रेघ खाली आहे. मूल ‘थोडंसं भरलेलं’ दिसतंय म्हणजे बहुतेकदा त्या रेघेच्या वर गेलेलं असतं.

आता रोजचं सांगतो. दहा-अकरा वर्षांची मुलगी येते, तक्रार वेगळीच असते. पाय दुखतात, घोरते, अभ्यासात लक्ष नाही. तपासताना मानेच्या मागे काळा मखमली पट्टा दिसतो. आई घाईघाईने म्हणते, ‘डॉक्टर, कितीही घासलं तरी मळ निघतच नाही.’ डाळीचं पीठ, लिंबू, काथ्या, सगळं करून कातडी लाल झालेली असते. तो मळ नाहीच. रक्तात इन्सुलिन जास्त फिरतंय त्याची ती खूण. काखेत बघा, तिथेही असते. घासू नका, तपासा. सोनोग्राफीत यकृतावर चरबी सापडते आणि बाप म्हणतो, ‘आमच्या घरात कोणी पीत नाही हो.’

आणि कृपा करून मुलांना ‘डाएट’वर टाकू नका. वाढीच्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवायचंच नसतं, आहे तिथे धरून ठेवायचं असतं. उंची वाढते आणि गणित सुटतं. त्यासाठी संपूर्ण घराचं जेवण बदलावं लागतं. एकट्या पोराला वाफवलेली भाजी आणि बापाच्या पानात फरसाण, हे चालत नाही, आठवड्यात कोसळतं.

सरकारबद्दल: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला, तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्याची पथकं अंगणवाड्या, सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणी करतात. खासगी विनाअनुदानित शाळा त्यात येत नाहीत. वजनाचा प्रश्न जिथे सर्वात जास्त आहे, तिथे मोजपट्टीच पोचत नाही. घोडबंदरी, तुमच्या शाळेने निदान मोजलं तरी. चिठ्ठी डायरीत उघडी चिकटवायला नको होती, हे खरं.

---

सीवूड्सची आजी (सोमवार, दुपारी २:३०)

डॉक्टरसाहेब, छान लिहिलंत. एक बाजू राहिली, ती मी सांगते. आमच्या काळी सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. गालावर गाल आलेलं, मनगटाला वळ्या पडलेलं पोर पहिलं यायचं. दुधाच्या डब्यावर तसंच बाळ छापलेलं. बारीक मूल असलं की बायका आईला ऐकवायच्या, ‘खायला घालत नाहीस का गं?’ या बोलण्याला घाबरून आम्ही घास भरवत चिऊकाऊ करत घरभर फिरलो. ते डोक्यात बसलेलं एका चिठ्ठीने कसं जाईल?

दुसरं, सगळे म्हणतात आजी-आजोबा लाडावतात. नातू दुपारी एक ते रात्री आठ माझ्याकडे. माझे दोन्ही गुडघे गेलेले. खाली न्यायचं तर लिफ्ट, मग रस्ता, रस्त्यावर दुचाक्या उलट्या दिशेने. मैदान आहे, पण तिथे या महिन्यात कसलं तरी प्रदर्शन, गेल्या महिन्यात लग्न. मग मी त्याला टीव्ही लावून देते आणि समोर चिवड्याची वाटी ठेवते. दुसरं काय करू, तुम्हीच सांगा.

---

टिंबटिंब (सोमवार, दुपारी ३:०५)

आजी, तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण करानं मुलं बारीक होतात याला पुरावा काय? केरळने २०१६ मध्ये पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के ‘फॅट टॅक्स’ लावला होता. वर्षभरात जीएसटी आला आणि कर गेला. कोण बारीक झालं?

---

हिशोबनीस (सोमवार, रात्री ९:४०)

व्यवसायाने सीए आहे. करावर बोलायचं तर नीट बोलू.

केरळचा कर ब्रँडेड उपाहारगृहांतल्या पदार्थांवर होता. कोपऱ्यावरचा वडापाव आणि पाच रुपयांचं पाकीट त्यातून बाहेर. असा कर हा गल्ला भरण्याचा प्रकार झाला, त्यावरून निष्कर्ष काढू नका. ब्रिटनने वेगळं केलं. शीतपेयांवर २०१६ मध्ये कर जाहीर केला आणि लागू केला एप्रिल २०१८ मध्ये. मधली दोन वर्षं कंपन्यांना दिली. १०० मिलीत ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, ५ ते ८ मध्ये कमी, ८ च्या वर जास्त. कर लागू व्हायच्या आधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर ५ च्या खाली आणली. गिऱ्हाईकाला काही सोडावं लागलं नाही, बाटलीच बदलली. कर हवा तर असा.

आता आपल्याकडचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. गोड फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के. ऐकायला कडक. पण आधीही २८ टक्के आणि १२ टक्के उपकर मिळून चाळीसच होते. आणि हा दर साखर बघतच नाही. १०० मिलीला ११ ग्रॅम साखर घातलेला कोला आणि शून्य साखरेचा कोला, दोघांना तोच दर. मग कंपनीने साखर कमी का करावी? फळांच्या रसाची, फेस नसलेली पेयं, म्हणजे मुलांच्या डब्याबरोबर जाणारं ते आंब्याचं चौकोनी खोकं, १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. बिस्किटं १८ वरून ५. चॉकलेट १८ वरून ५. आइस्क्रीम १८ वरून ५. फरसाण, नूडल्स १२ वरून ५.

त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणावर बोलून घरोघरी तेल १० टक्के कमी घ्यायला सांगितलं होतं. गृहिणीने तेल कमी घ्यायचं आणि शेवेचं पाकीट स्वस्त करायचं. महागाईच्या दृष्टीने मी कपातीचं स्वागतच केलं, आमच्या क्लायंटनीही केलं. पण दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत आरोग्य खात्याचं कोणी होतं का, असा प्रश्न पडतो.

टिंबटिंब, तुम्हाला ‘नाही’ म्हणायला जीएसटी लागत नाही हे मान्य. पण ‘हो’ म्हणायला सरकारने सवलत दिलीय.

---

बटाटेवडा (सोमवार, रात्री ९:५८)

वडापावला यात ओढू नका. हात जोडून विनंती.

---

कोपरखैरणेकर (सोमवार, रात्री १०:०६)

@बटाटेवडा, आयडी बघता तुमचा हितसंबंध उघड आहे :)

---

जाड्या (सोमवार, रात्री ११:३३)

आयडीवरून समजलं असेल. शाळेत हेच नाव होतं, शिक्षकसुद्धा हाक मारताना हेच वापरायचे. पीटीच्या तासाला धावायच्या रांगेत मला शेवटी उभं करायचे आणि पूर्ण वर्ग माझी फेरी संपायची वाट बघत हसायचा. त्यामुळे मी पीटीच्या दिवशी पोट दुखवायला शिकलो. आईबाप रागावायचे, मग मी लपून खायचो. लपून खाल्लेलं मोजलं जात नाही, बाकी काही नाही.

‘जबाबदारी कोणाची’ यावर मोठी माणसं भांडतात तेव्हा ते मूल शेजारच्या खोलीत ऐकत असतं, हे लक्षात असू द्या. माझ्या मते मुलाला जेवढं कमी ऐकवाल तेवढं बरं. बदल किराण्याच्या यादीत करा, पोराच्या तोंडावर नको. टिंबटिंब, कारल्याच्या भाजीची तुमची गोष्ट वाचली. माझ्या वडिलांनीही नुसतंच बघितलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

टिंबटिंब (मंगळवार, सकाळी ८:१५)

जाड्या, मुद्दा पोचला. नाव घेऊन हसणाऱ्या मास्तरांचं समर्थन मी कधीच करणार नाही.

हिशोबनीस, ब्रिटनचं उदाहरण चांगलं आहे, मला माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न उभा आहे. आपल्याकडे कायदा केला की इन्स्पेक्टर येतो, आणि इन्स्पेक्टर आला की हप्ता येतो. गेटवरच्या भेळवाल्याला पळवतील, कंपनीला हात लावणार नाहीत.

---

घोडबंदरी (मंगळवार, दुपारी १:२०)

टिंबटिंब, ही भीती मलाही आहे. म्हणून मी आधी वेष्टनाकडे बघतो, तिथे इन्स्पेक्टर लागत नाही. चिलीने २०१६ पासून साखर-मीठ-चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन छापायला लावला. अडाणी माणसालाही कळतो. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा, अर्ध्यापासून पाचपर्यंत. म्हणजे साखरेच्या बिस्किटावरही एखाददुसरा तारा चमकणारच! पोराला तारा म्हणजे बाईंनी वहीत दिलेली शाबासकी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पाकिटावरच्या या खुणेबद्दल तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात. पाकिटाच्या मागे, घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं वाचून मी बाप म्हणून जबाबदारी पार पाडायची, असा सध्याचा करार आहे.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचं तेच. वर्षानुवर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकली. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असला प्रकार कायद्यात अस्तित्वातच नाही, त्या यादीतून या पावडरी काढून टाका. तोवर ती पावडर आमच्या फडताळात कौतुकाने बसलेली. मला फसवलं गेलं, की मी बेजबाबदार होतो?

आणि हो, कायदे आहेत. राज्याने २०१७ मध्येच शाळेच्या उपाहारगृहांतून साखर-मीठ-चरबी जास्त असलेले पदार्थ काढायला सांगितलं होतं. प्राधिकरणाचे २०२० चे नियम तर गेटपासून ५० मीटरपर्यंत विक्री आणि जाहिरात दोन्हीला मनाई करतात, फुकट वाटायलासुद्धा. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. आमच्याकडे फलक लागला, छान रंगीत आहे. त्याच्याच खाली क्रीडादिनाला बिस्किटाच्या कंपनीचं बॅनर आणि प्रत्येक स्पर्धकाला एक पुडा. यात भेळवाला कुठे आला?

---

नेरूळचा बॅकफूट (मंगळवार, रात्री ८:४५)

खाण्यावर खूप झालं, मैदानावर या. नवी मुंबई आखताना सिडकोने (शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने) सेक्टरनिहाय मैदानं ठेवली, हे आपलं भाग्य म्हणायचं. बऱ्याच शाळांना मैदानाचे भूखंड दिले तेव्हा अटही होती की शाळेच्या वेळेनंतर ते रहिवाशांना खुलं ठेवायचं. आमच्या इथे संध्याकाळी गेटला कुलूप आणि आत एका अकादमीचे पैसे भरलेले विद्यार्थी. उरलेली मैदानं मांडववाल्यांकडे. मांडव उठला की खड्डे, खिळे आणि थर्माकोल आठवडाभर तसंच. टर्फवर, म्हणजे भाड्याच्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर, जायचं तर ताशी हजाराच्या पुढे. पोरं वर्गणी काढून खेळतात, ज्याच्याकडे वर्गणी नाही तो जाळीबाहेर उभा राहून बघतो. ठाण्यात गावदेवी मैदानाच्या पोटात वाहनतळ केलं, म्हणजे गाड्यांची सोय आधी.

आईबापांनी ‘नाही’ म्हणावं, जरूर म्हणावं. पण मुलाला ‘जा, खेळ’ म्हणायला जागा लागते, आणि ती कोणत्याच किराणा दुकानात मिळत नाही.

आजी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. आमच्या इमारतीत तीन घरांनी मिळून कॉलेजचा एक मुलगा ठेवलाय. रोज साडेपाच ते सात पोरांना ज्वेलला (नेरूळच्या तलावाकाठच्या बागेत) घेऊन जातो, पकडापकडी, लगोरी, जे सुचेल ते. त्याचे महिन्याचे पैसे आम्ही तीन घरं वाटून देतो. आजी-आजोबा घरी चहा पितात. पोरं भुकेली घरी येतात आणि सात-साडेसातलाच जेवतात, झोपही लवकर लागते.

---

सीवूड्सची आजी (मंगळवार, रात्री ९:१०)

बॅकफूट, त्या मुलाला आमच्या बाजूला वेळ आहे का विचारा. आमच्या मजल्यावर चार नातवंडं आहेत. मी सुनेशी बोलते.

---

पारसिक (बुधवार, सकाळी ६:५०)

कल्पना चांगली आहे, पण माझ्या वर्गातल्या आयांना ती परवडणार नाही. पालिकेची शाळा संध्याकाळी रिकामी असते, मैदान आहे, कुंपण आहे, दिवे आहेत. एक प्रशिक्षक आणि एक शिपाई दोन तास जास्त थांबला तर दीडशे मुलं खेळतील. मुख्याध्यापक म्हणतात वरून आदेश हवा. वरचे म्हणतात प्रस्ताव पाठवा. मी पाठवणार आहे. नगरसेवकाचं पत्र जोडलं तर वजन पडतं म्हणतात, तेही बघते.

---

घोडबंदरी (बुधवार, रात्री १०:३०)

पारसिकताई, प्रस्तावाचा मसुदा इथे टाका, आमच्या सोसायटीतल्या निवृत्त अभियंत्यांकडून दिव्यांच्या खर्चाचा अंदाज काढून देतो. पोडियमच्या पाटीचा विषय मी सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घालायला दिलाय. साडेपाच ते साडेसात बॉल चालेल एवढीच मागणी. सेक्रेटरींनी लगेच विचारलं, काच फुटली तर कोण भरणार? लिहून दिलं, पालक भरतील. माझी जबाबदारी मी तिथपर्यंत नेतो.

शाळेच्या बॅनरबद्दल पालक-शिक्षक संघात तोंडी बोललो तर ‘बघू’ म्हणाले. आता लेखी देणार. कोणाला माहीत आहे का, ते ५० मीटर कुठून मोजायचे? कंपाउंडच्या भिंतीपासून की गेटपासून?

---

हिशोबनीस (बुधवार, रात्री ११:०२)

गेटपासून, कोणत्याही दिशेला. पण तुमचं बॅनर शाळेच्या आवारातच आहे, तिथे मोजायची गरजच नाही. पत्रात ‘२०२० चे विनियम’ असा उल्लेख करा आणि पोच घ्यायला विसरू नका.